परळीचे धुराडे आणि आपली गच्ची

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला आहे ‘स्वच्छ ऊर्जा आणि हरितगृह वायू’. विषय दिला तेव्हा मी सचिवांना म्हटलं, अहो, मी बँकेचा माणूस, हे काम कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकाला द्या. ते म्हणाले, काका, प्राध्यापक दीड तास बोलतात. तेव्हा मी शास्त्रज्ञ नाही हे आधीच सांगून टाकतो. सदतीस वर्षे लोकांचे जमा-खर्च तपासण्यात गेली. हा विषयही मी त्याच वहीतून मांडणार आहे. स्वयंपाकाचा वास इथपर्यंत येतो आहे, त्यामुळे वेळेचे भान राहीलच.

हवामान बदलावर कुणी बोलायला उभा राहिला की बर्फाचे कडे कोसळतात, पांढरी अस्वले पोहत सुटतात. ते काही खोटे नाही. पण अंबाजोगाईत राहणाऱ्या माणसाचा बर्फाशी संबंध फ्रिजमधल्या ट्रेपुरता. आपला संबंध पाण्याशी. म्हणून मी उत्तर ध्रुवावर न जाता घाट उतरून परळीला जातो. पंचवीस किलोमीटरचा तर रस्ता आहे.

परळीचे औष्णिक विद्युत केंद्र १९७१ साली सुरू झाले. आधी ३०-३० मेगावॅटचे दोन लहान संच होते. मग १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले, आणि २००७ नंतर २५० मेगावॅटचे तीन. जुने संच आता कायमचे थांबले आहेत. आज अडीचशेचे तीन, म्हणजे ७५० मेगावॅट, एवढीच क्षमता उरली आहे.

ऐंशीच्या दशकात मी काही वर्षे परळीच्या शाखेत होतो. केंद्रातल्या कामगारांची खाती आमच्याकडे असत. पगाराच्या दिवशी काउंटरसमोरची रांग दाराबाहेर जाई. लेजर उघडले की पानावर बारीक करडी पूड दिसायची, ती फुंकून मग नोंद करायची. शाखेतल्या शिपायाचे पहिले काम रोज सकाळी टेबले पुसणे, आणि दुपारी पुन्हा पुसणे. पण त्याच केंद्राच्या पगारावर किती घरे उभी राहिली, किती मुलींची लग्ने झाली, किती पोरे इंजिनिअर झाली, हे मी कर्जाच्या फायलींत स्वतः पाहिले आहे. त्यामुळे परळीच्या धुराड्याला नावे ठेवायला मी उभा नाही. मराठवाड्याला उद्योग म्हणून जे थोडेफार मिळाले, त्यात ते केंद्र मोठे होते.

आता फेब्रुवारी २०१३ आठवा. मी निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. दुष्काळ असा की जायकवाडीने तळ गाठला, माजलगावने तळ गाठला. परळीच्या केंद्राला गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणी येते. तो बंधाराच कोरडा पडला. तेव्हा केंद्राची क्षमता होती १,१३० मेगावॅट, आणि ते सगळेच्या सगळे बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. पाणी नव्हते. २०१५ मध्ये पुन्हा तेच झाले.

कोळशावर वीज होते तिथे पाण्याचे काय काम, असे मला खूप जण विचारतात. कोळसा जाळायचा तो पाण्याची वाफ करायला. त्या वाफेने टर्बाइन फिरते. वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करायची, त्यासाठी आणखी पाणी फिरवायचे, आणि त्यातले पुष्कळ पाणी हवेत उडून जाते. परळीला गेलात तर डमरूसारखे अवाढव्य मनोरे दिसतात. त्यातून पांढरे निघते तो धूर नाही, ती पाण्याची वाफ. धूर उंच बारीक चिमणीतून जातो. मनोऱ्यांतून जे जाते ते गोदावरीचे पाणी.

किती पाणी? केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घालून दिली. जुन्या औष्णिक केंद्रांनी एक युनिट विजेमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. आता माझ्यासोबत गुणाकार करा. ७५० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले, तर दिवसाला १ कोटी ८० लाख युनिट होतात. गुणिले साडेतीन, म्हणजे ६ कोटी ३० लाख लिटर. एका दिवसात. केंद्र रोज पूर्ण क्षमतेने चालत नाही, हे खरे. पण मंजूर मर्यादेत राहून पूर्ण चालले तरी एवढे लागू शकते.

हा आकडा केवढा, ते कळण्यासाठी लातूरची रेल्वे आठवा. एप्रिल २०१६. मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, तिच्यात सुमारे पंचवीस लाख लिटर. देशभरातल्या टीव्हीवाल्यांनी ती गाडी दाखवली. लातूर ज्या मांजरा धरणाचे पाणी पिते ते धरण आपल्या जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे, आणि आपल्या अंबाजोगाईचीही भिस्त त्याच्यावरच. ते धरण तेव्हा कोरडे होते. आपल्या आवारात टँकर येत होते, रात्री अकराला पाण्याचे नंबर लागत होते, आणि कुणी किती हंडे नेले यावरून मीटिंगमध्ये जे शब्द वापरले गेले ते सचिवांनी इतिवृत्तात लिहिले नाहीत म्हणून बरे. तर ती पन्नास वाघिणींची गाडी. परळीचे केंद्र पूर्ण चालले तर रोज तशा पंचवीस गाड्या पाणी लागते.

छतावरच्या सौर पॅनलला वीज करायला पाणी लागत नाही. धूळ बसली की पुसायला चार बादल्या लागतात. पवनचक्कीला तेवढेही नाही. दुष्काळी जिल्ह्याने स्वच्छ ऊर्जेचा विचार का करावा, याला माझ्या मते हे पहिले कारण आहे. हवेचे कारण दुसरे.

ते दुसरेही सांगतो, थोडक्यात. आपल्याकडच्या कोळशाची एक युनिट वीज करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो, आणि त्यातून साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आता शाळेतली मुले म्हणतील, आजोबा, ७०० ग्रॅम जाळले तर १,००० ग्रॅम कसे निघेल? निघते. जळताना कोळशातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, बारा किलो कार्बनला बत्तीस किलो ऑक्सिजन, आणि त्या चव्वेचाळीस किलोचे ओझे वातावरणात जाते. शिवाय आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के. परळी पूर्ण चालले तर दिवसाला बारा हजार टनांच्या आसपास कोळसा, म्हणजे तीन-चार मालगाड्या, आणि त्याची चार हजार टनांच्या वर राख. त्या राखेच्या विटा होतात, सिमेंटमध्ये जाते, तरी उरतेच. उन्हाळ्याच्या वाऱ्यात राखेच्या तळ्याजवळच्या गावांची काय दशा होते, ते तिथे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना विचारा.

वातावरणात गेलेला हा वायू लवकर जात नाही. त्यातला बराचसा शेकडो वर्षे तिथेच राहतो आणि पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. आमच्या भाषेत हे जुने कर्ज. हप्ता कुणी भरत नाही, रोज नवी उचल चालू, आणि व्याज नातवंडांच्या खात्यावर चढते आहे. आणि यातले मोठे कर्ज आपण काढलेले नाही, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. दीडशे-दोनशे वर्षे युरोप-अमेरिकेने कोळसा जाळला आणि श्रीमंत झाले. माणशी हिशेब केला तर भारतीय माणूस आजही जगाच्या सरासरीपेक्षा खूप कमी वायू सोडतो. पण दुष्काळ आला तर तो अमेरिकेची चौकशी करून येत नाही.

हवा एका अंशाने तापली की तिच्यात सात टक्के जास्त बाष्प मावते. म्हणून पाऊस लांबतो, आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. आपण दोन्ही पाहिले. २०१३, २०१६ ची तहान पाहिली आणि सप्टेंबर २०२५ चा पूरही पाहिला. सिंदफणेने, मांजरेने काठच्या शेतांची माती खरडून नेली. सोयाबीन पाण्यात, जनावरे वाहून गेली. एकटा एखादा पूर हवामान बदलानेच आला असे छातीठोकपणे सांगता येत नाही, तसे मी सांगणारही नाही. पण पिकाचा विमा, पीककर्जाची थकबाकी, पुनर्गठन या फायली मी आयुष्यभर हाताळल्या. पावसाचा भरवसा गेला की शेतकऱ्याचे खाते कसे बिघडत जाते, ते मला ठाऊक आहे.

सरकारचे धोरण काय आहे? नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने जाहीर केले की २०७० पर्यंत आपण निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू, आणि २०३० पर्यंत कोळसा, तेल, वायू सोडून इतर मार्गांची वीजक्षमता ५०० गिगावॅटवर नेऊ. एकूण क्षमतेच्या निम्मी क्षमता अशा मार्गांची करायची मुदत २०३० होती, ती २०२५ च्या मध्यातच गाठली. ही बातमी वाचून आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फार टाळ्या वाजल्या. मीही अंगठा दाखवला. पण इथे बँकेतली एक गोष्ट लक्षात घ्या. मंजूर मर्यादा वेगळी आणि प्रत्यक्ष उचल वेगळी. एखाद्या खातेदाराला दहा लाखांची मर्यादा मंजूर आहे म्हणून त्याने दहा लाख उचलले असे होत नाही. एक किलोवॅटचे सौर पॅनल दिवसाला सरासरी चारच युनिट देते, कारण रात्र आहे, ढग आहेत. कोळशाचा संच रात्रंदिवस चालतो. म्हणून क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष विजेत आजही सुमारे सत्तर टक्के वाटा कोळशाचाच आहे. जाहिरातीत मर्यादा छापतात, ताळेबंदात उचल बघावी लागते.

आपल्या जिल्ह्यात काय चालले आहे ते तर डोळ्यांसमोर आहे. मांजरसुंब्याकडे, पाटोद्याकडे, केजकडे जाताना बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसतात. एकेक पाते घेऊन जाणारा ट्रेलर घाटात वळला की मागे वाहनांची रांग लागते आणि सगळे खाली उतरून फोटो काढतात. वारा आपल्याकडे पावसाळ्यात जोरात असतो, नेमका जेव्हा ऊन कमी असते. म्हणजे ऊन आणि वारा ही जोडी चांगली आहे. कोरडवाहू माळरान, ज्याला पूर्वी आम्ही तारण म्हणून घ्यायला का-कू करायचो, त्याला आता भाडे येते.

पण पैसा आला की त्याच्या मागे काय येते, तेही आपण पाहिले. जमिनीचे करार कुणी नीट वाचले नाहीत, रस्त्यांवरून, नुकसानभरपाईवरून वाद झाले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणातून ती झाली, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून मी जास्त बोलत नाही. मस्साजोग इथून दूर नाही. पवनचक्कीच्या वाऱ्यात धूर नसतो, पण एवढ्याने तो धंदा स्वच्छ होत नाही. त्याला कायद्याचे राज्य लागते, आणि ते नसले तर गावचा सरळ माणूस मरतो. स्वच्छ ऊर्जेच्या कुठल्याही पुस्तिकेत हे छापलेले नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

शेतकऱ्याकडे वळू. आपल्यापैकी निम्म्या घरांची शेती गावाकडे आहे. शेतीची वीज रात्री येते. थंडीत रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन दारे धरायला जायचे, साप-विंचू पायाखाली. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या वाहिन्या सौर प्रकल्पांना जोडायच्या आणि वीज दिवसा द्यायची, असे चालले आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची, बाकी अनुदान. ही योजना मला मनापासून आवडते. फक्त एक धास्ती वाटते. सौरपंपाला बिल नाही, त्यामुळे तो बंद करावासा वाटत नाही. दिवसभर ऊन, दिवसभर उपसा, आणि समोर ऊस. बिल शून्य झाले तरी बोअरचा तळ आहे तिथेच राहतो, उलट खाली जातो. परळीला वाचवलेले पाणी आपण बांधावर उधळून टाकायचे, असा हिशेब होऊ नये.

संध्याकाळचाही प्रश्न आहे. सूर्य मावळला की सौर वीज संपते, आणि नेमके सात ते दहा घरोघरी टीव्ही, गिझर, एसी, मिक्सर चालू होतात. बॅटऱ्या आल्या आहेत, स्वस्त होत आहेत. डोंगरावर दिवसा पाणी चढवायचे आणि रात्री सोडून वीज करायची, असे उदंचन प्रकल्पही होत आहेत. पण तोवर परळीचे संच लागणार. उद्या सकाळी चिमण्या पाडा म्हणणारा माणूस आणि सौर हे सगळे थोतांड आहे म्हणणारा माणूस, दोघांनाही मी कर्ज मंजूर करणार नाही.

आणि परळीच्या माणसांचे काय? जुने संच थांबले तेव्हा कायम कामगारांच्या बदल्या झाल्या असतील. कंत्राटी कामगार, राखेच्या गाड्या चालवणारे, गेटबाहेर चहाची टपरी चालवणारा, यांची बदली कुठे करायची? धोरण करताना वायूचे टन मोजतात. ही खाती मोजायला कुणी बसत नाही. केंद्राकडे जमीन आहे, वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाबाच्या तारा आहेत, उपकेंद्रे आहेत, यंत्र समजणारी माणसे आहेत. सौर प्रकल्प आणि बॅटऱ्या तिथेच का होऊ नयेत, तिथल्याच आयटीआयमधल्या पोरांना ते काम का शिकवू नये, ही मागणी आपल्या जिल्ह्याने लावून धरली पाहिजे. ऊसतोडीला जाणारे हात आपल्याकडे काय कमी आहेत?

असो. आता गच्चीवर येतो. खरे तर मला बोलायचे होते ते याच विषयावर.

गेल्या वर्षभरात दोन मीटिंगमध्ये सौर पॅनलचा विषय निघाला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला. एकदा कोरम नव्हता. दुसऱ्यांदा कोरम होता, पण उन्हाळ्याचे दिवस होते आणि कुरडया-पापड वाळवायचे कुठे यावर तासभर चर्चा झाली. चेष्टा करत नाही. गच्ची सगळ्यांची आहे आणि कुरडयाही महत्त्वाच्या आहेत. म्हणून आकडे मांडतो.

आपली घरे ३२. सामायिक मीटरवर बोअरचा पंप, टाकीचा पंप, लिफ्ट, जिन्याचे आणि आवारातले दिवे चालतात. समजा आपण दहा किलोवॅटचा संच बसवला. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट, म्हणजे हजार चौरस फूट जागा लागेल. गच्ची त्याच्या कितीतरी पट आहे. सांगाडा सात-आठ फूट उंच घेतला तर खाली सावली मिळते, आणि पॅनलच्या पलीकडे उन्हाची जागा उरतेच. वहिनींनी काळजी करू नये.

वीज किती? दिवसाला सरासरी चाळीस युनिट, पावसाळा आणि धूळ वजा जाता वर्षाला १४,००० धरू. खर्च आजच्या भावाने किलोवॅटमागे ५० ते ६० हजार, म्हणजे साधारण साडेपाच लाख. पंतप्रधान सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. दहा किलोवॅटला १ लाख ८० हजार. उरले ३ लाख ७० हजार. भागिले ३२, म्हणजे घरटी साडेअकरा-बारा हजार. युनिटला दहा रुपये वाचले असे धरले तर वर्षाला १ लाख ४० हजार वाचतात. कागदावर तीन वर्षांच्या आत वसुली. मी जुना माणूस, मी चार वर्षे धरतो, कारण स्थिर आकार सुटत नाही, साफसफाईला माणूस लागतो आणि आठ-दहा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागतो. पॅनलचे आयुष्य पंचवीस वर्षे, म्हणजे आज आपली सोसायटी जेवढी झाली तेवढे.

पाण्याच्या वहीत काय जमा? १४,००० गुणिले साडेतीन, वर्षाला ४९ हजार लिटर. चार टँकर. हवेच्या वहीत, कोळशाच्या विजेच्या हिशेबाने, वर्षाला चौदा टन कार्बन डायऑक्साइड. कोळसा म्हणाल तर नऊ-दहा टनांचा एक ट्रक दरवर्षी परळीला कमी लागेल.

आता कुणीतरी म्हणणार, ३२ घरांच्या चार टँकरने काय होते? काही होत नाही. पण आवर्ती ठेव उघडताना पहिल्या हप्त्यावर कुणी श्रीमंत होत नाही, हे तुम्हीच मला काउंटरवर सांगत होतात. सूर्यघर योजनेत देशातली एक कोटी घरे धरली आहेत. त्यातली काही अंबाजोगाईत असायला हरकत नसावी.

काही सूचना करतो. तरुण मंडळींनी लिहून घ्याव्यात.

आपल्या सामायिक मीटरचा मंजूर भार किती आहे ते आधी बिलावर पाहा. त्याच्यापेक्षा मोठा संच बसवता येत नाही. गरजेपेक्षा मोठा बसवण्यात फायदाही नाही, कारण जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात वळती होतात, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्यांचे पैसे कमी दराने मिळतात.

दुसरे, वीज गेली की हा संचही बंद पडतो. पुष्कळांना हे बसवल्यावर कळते आणि मग भांडणे होतात. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून तो आपोआप थांबतो. भारनियमनात लिफ्ट चालेल, या भ्रमात राहू नका. त्यासाठी बॅटरी लागते आणि तिचा खर्च वेगळा.

स्लॅबला गळती आहे ती आधी काढा. सांगाड्याचे खिळे मारण्यापूर्वी वॉटरप्रूफिंग, नंतर नाही. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात ते आपण पाहतो, तेव्हा सांगाड्याचे वजन आणि पाया इंजिनिअरकडून तपासून घ्या. माकडांचा बंदोबस्त काय करायचा ते मात्र मला सुचलेले नाही.

विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेलाच घ्या आणि पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर मी आयुष्यात कर्ज दिले नाही. सिंकिंग फंडाला हात लावू नका, तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा आहे. ज्यांना एकदम बारा हजार जड जातात अशी पाच-सहा घरे आपल्यात आहेत, निवृत्तिवेतन नसलेले ज्येष्ठ आहेत. त्यांना मासिक देखभाल वर्गणीतून दोन वर्षांत फेडायची सवलत द्यावी, असा माझा प्रस्ताव आहे आणि तो ठरावात यावा.

आणि पॅनल येईल तेव्हा येईल, टाकी भरून वाहते ती आजच थांबवता येईल. पहाटे पाचला गच्चीवरून धबधबा सुरू होतो आणि सगळे अंथरुणात पडून दुसरा कुणी पंप बंद करेल म्हणून वाट बघतात. तिथे पाणीही जाते आणि वीजही जाते. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा स्विच काही हजारांत बसतो. तो विषय तरी पुढे ढकलू नये. जुने पंखे बदलायचे झाले तर बीएलडीसी पंखे घ्या. ७५ वॅटच्या जागी तीस-पस्तीस वॅटमध्ये चालतात.

हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या तीनांत घ्यावा अशी मी अध्यक्षांना जाहीर विनंती करतो. शेवटी ठेवला की लोक उठून जातात. सभेपूर्वी गच्चीचे मोजमाप आणि सावली कुठे पडते याचा नकाशा हवा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला पाण्याच्या टाकीची सावली खडूने आखायची, एवढे सोपे काम आहे. येत्या रविवारी मी मोजपट्टी घेऊन गच्चीवर येतो आहे. गुडघ्यामुळे मला खाली बसून खडूने आखता येत नाही, त्यासाठी मागच्या खुर्च्यांवरचे दोघे-तिघे हवेत. किल्ली वॉचमनकडे आहे.

जेवायला चला.